आपला धूर, दुसऱ्याचा श्वास



योगग्रंथांत माणसाच्या एका दिवसातील श्वासांची संख्या २१,६०० सांगितली आहे. मिनिटाला १५ श्वास धरले तर चोवीस तासांचा हिशेब बरोबर तेवढाच येतो. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे हा गुणाकार कागदावर करून पाहिला आहे. आपल्या परंपरेने या प्रत्येक श्वासाला जप मानले. आत जाणाऱ्या श्वासात ‘सो’ आणि बाहेर येणाऱ्या श्वासात ‘हं’ असा नाद असतो आणि तो आपण न करताच चालतो, म्हणून त्याला अजपाजप म्हणतात. हातात माळ नसलेल्या माणसाचा हा जप चालू असतो, गाढ झोपलेल्याचा चालू असतो, आणि ज्याच्या तोंडी अजून एक शब्दही आलेला नाही अशा तान्ह्या बाळाचाही चालू असतो. नवजात बाळाचा श्वास तर मोठ्यांच्या दुपटीहून जलद असतो. म्हणजे घरात सर्वांत जास्त जप कोणाचा होत असेल, तर तो पाळण्यातल्या जिवाचा.

आज आपण या श्वासाविषयी, आणि विशेष करून दुसऱ्याच्या श्वासाविषयी विचार करणार आहोत. घरात एक माणूस विडी किंवा सिगारेट ओढतो तेव्हा त्याच खोलीत बसलेल्या इतरांच्या श्वासाचे काय होते? ओढणाऱ्याची इच्छा असूनही ती सुटत का नाही? आणि साधक म्हणून या दोघांसाठी आपले कर्तव्य काय? व्यसनमुक्तीवर आपण पुष्कळ ऐकतो. परंतु बहुतेक वेळा ते ऐकणे ‘तुझी फुप्फुसे, तुझे आयुष्य, तुझा पैसा’ एवढ्यावरच थांबते. जो ओढत नाही आणि तरीही ज्याला तो धूर घ्यावा लागतो, त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. तोही बोलत नाही, कारण बहुतेक घरांत त्याला बोलण्याची सोयच नसते.

धूर कोठून येतो

सिगारेटमधून दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणारा झुरका घेऊन बाहेर सोडतो तो. दुसरा झुरक्यांच्या मधल्या वेळेत जळत्या टोकातून आपोआप निघत राहतो. खोलीत भरणारा बहुतांश धूर हा दुसऱ्या प्रकारचा असतो. तो कोणत्याही फिल्टरमधून जात नाही. झुरका घेतला जात नसताना टोकाची आच कमी असते, तंबाखू अर्धवट जळते, आणि त्यामुळे त्या धुरात कित्येक विषारी द्रव्यांचे प्रमाण उलट अधिक असते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने सापडली आहेत आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. ओढणाऱ्याच्या ओठांजवळ निदान फिल्टर तरी असतो. शेजारी बसलेल्या माणसाजवळ तोही नसतो.

आपल्या देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत. विडी टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली असते, तिच्यात कागद नसतो, तंबाखूही थोडी असते. म्हणून ती ‘साधी’ किंवा ‘नैसर्गिक’ आहे अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते पान हवा सहज आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून माणूस जोराने आणि वरचेवर ओढतो. परिणामी विडीतून मिळणारे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते, पुष्कळदा अधिकच असते. निसर्गातून आली म्हणून वस्तू सात्त्विक होत नाही. धोत्राही निसर्गातूनच येतो.

हा धूर शेजाऱ्याला किती बाधतो याचा एक मोठा पुरावा जपानमधून आला. ताकेशी हिरायामा या शास्त्रज्ञांनी स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती खूप सिगारेटी ओढत होते त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण, न ओढणाऱ्यांच्या पत्नींच्या तुलनेत, सुमारे दुप्पट होते. या स्त्रियांनी स्वतः एकही झुरका घेतला नव्हता. त्या फक्त त्या घरात राहत होत्या, स्वयंपाक करत होत्या, मुले वाढवत होत्या.

त्यानंतर जगभर पुष्कळ अभ्यास झाले. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या प्रौढ माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे त्यांतून दिसून आले. लहान मुलांना दम्याचे झटके, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग अधिक होतात. गर्भवती स्त्री या धुरात राहिली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. ‘इतका धूर चालेल’ अशी कोणतीही सुरक्षित मर्यादा सापडलेली नाही. खिडकी उघडली, पंखा लावला, शेजारच्या खोलीत जाऊन ओढली, तरी धूर पूर्ण जात नाही. त्याचे कण पडद्यांना, गादीला आणि ओढणाऱ्याच्या सदऱ्याला चिकटून राहतात, आणि त्याच सदऱ्यावर नातवंड डोके टेकून झोपते.

एकाचा हिशेब, दुसऱ्याच्या खात्यावर

२०१६-१७ मध्ये आपल्या देशात तंबाखूविषयी मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यानुसार १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. परंतु घरात दुसऱ्याच्या धुराला सामोरे जावे लागणारे प्रौढ ३८.७ टक्के आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. दहा माणसांत साधारण एक ओढतो आणि घरात तो धूर चार जणांच्या वाट्याला येतो. शिवाय ही गणना प्रौढांची आहे. मुले तिच्यात धरलेलीच नाहीत.

अर्थशास्त्रात आम्हाला शिकवतात की व्यवहार दोघांत होतो आणि नुकसान तिसऱ्याचे होते, तेव्हा त्या वस्तूची छापील किंमत खरी किंमत नसते. विडीचे बंडल घेताना दुकानदाराला जे पैसे दिले जातात, त्यात पत्नीच्या खोकल्याची किंमत धरलेली नसते. सुनेच्या पोटातल्या बाळाचे घटलेले वजन त्या पावतीवर लिहिलेले नसते. तो खर्च कोणीतरी भरतच असतो, आणि भरणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. कर्माचा सिद्धांत मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजणे कठीण नाही. दुकानातल्या पावतीवर लिहिले नाही, म्हणून ते कर्माच्या वहीत लिहिले जात नाही असे नाही.

कायदा उंबरठ्यापाशी थांबतो

१९८९ च्या रेल्वे कायद्यात एक तरतूद आहे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने आक्षेप घेतला, तर त्या डब्यात धूम्रपान करता येणार नाही. ‘आक्षेप घेतला तर’ हे शब्द लक्षात घ्या. म्हणजे बोलण्याची जबाबदारी ज्याला त्रास होतो त्याच्यावर होती. अनोळखी लोकांनी भरलेल्या डब्यात एखादी स्त्री किंवा एखादा म्हातारा मनुष्य किती वेळा आक्षेप घेऊ शकणार?

पुढे विचार बदलला. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निर्णय दिला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सभागृहे, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक वाहने आणि रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. न्यायालयाने हा प्रश्न घटनेतील जगण्याच्या हक्काशी, कलम २१ शी जोडला. २००३ मध्ये संसदेने तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे व्यापक नियम लागू झाले. आता कोणी आक्षेप घेण्याची वाट पाहावी लागत नाही.

तो दिवस गांधी जयंतीचा होता. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की लहानपणी एका नातेवाइकाबरोबर त्यांना विडीचा नाद लागला होता. आधी काकांनी टाकलेली थोटके उचलली, मग विडीसाठी नोकराचे पैसे चोरले. मोठे झाल्यावर मात्र धूम्रपान करणाऱ्यांनी भरलेल्या डब्यातून प्रवास करणे त्यांना सहन होत नसे, जीव गुदमरत असे, हेही त्यांनी तेथेच नोंदवले आहे. ज्यांना तो नाद ठाऊक होता आणि तो त्रासही ठाऊक होता, अशा माणसाच्या जन्मदिवशी हे नियम देशात लागू झाले.

कायद्याने बसस्थानक, कचेरी, उपाहारगृह येथपर्यंत आपल्याला पोहोचवले. परंतु घराच्या उंबरठ्यापाशी तो थांबतो. तुमच्या बैठकीच्या खोलीत दंड करायला कोणी अधिकारी येत नाही. तेथे पुन्हा तोच जुना नियम चालतो, ‘आक्षेप घेतला तर’. आणि घरात आक्षेप कोण घेणार? सून सासऱ्यांना ‘बाबा, बाहेर जाऊन ओढा’ म्हणू शकत नाही. पत्नीने एकदा सांगून पाहिलेले असते, दुसऱ्यांदा सांगायला ती धजत नाही. चार वर्षांच्या मुलाला हा धूर आपल्याला बाधतो हे माहीतही नसते. त्याला तो वास म्हणजे आजोबांचा वास वाटतो, आणि तो आवडतोही.

जेथे कायदा पोहोचत नाही तेथे धर्माची खरी परीक्षा असते. कोणी पाहत नाही, कोणी अडवत नाही, समोरचा बोलू शकत नाही, अशा ठिकाणी मी कसा वागतो यावर माझी साधना मोजली जाते.

अहिंसा, सत्य, अस्तेय

पतंजलींनी योगाच्या आठ अंगांत पहिले अंग यम सांगितले. आसन आणि प्राणायाम त्यानंतर येतात. पाच यमांतील पहिले तीन अहिंसा, सत्य आणि अस्तेय हे आहेत. या प्रकाशात आपल्या विषयाकडे पाहू.

अहिंसा म्हणजे कोणालाही पीडा न देणे. आपण मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतो. त्याच घरात संध्याकाळी शुभंकरोति म्हणणाऱ्या मुलांच्या अंगावर धूर जात असेल, तर ती हिंसा नाही असे कसे म्हणायचे? हेतू वाईट नसतो हे खरे. परंतु माहीत झाल्यानंतरही चालू ठेवलेली पीडा अजाणतेपणाची राहत नाही.

सत्याचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. व्यसन माणसाला छोट्या-छोट्या असत्यांची सवय लावते. ‘फक्त दिवसातून दोनच.’ ‘गच्चीत ओढतो, घरात येत नाही.’ ‘भजनाला बसायच्या आधी एक, मग लक्ष लागते.’ लोकांशी बोललेले असत्य एक वेळ कमी असते, स्वतःशी बोललेले जास्त.

अस्तेय म्हणजे चोरी न करणे. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबाही आपण विचारल्याशिवाय तोडत नाही. मग शेजाऱ्याच्या वाट्याची स्वच्छ हवा त्याला न विचारता कशी घ्यायची? त्याचा अजपाजप आपण मळवतो आहोत.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करायला हवा. काही ठिकाणी चिलमीला शंकराचा प्रसाद म्हणतात. यात्रेत, मेळ्यात, कधी भजनाच्या मध्यंतरात मंडपामागे ती हातोहात फिरते. भगवान शंकरांची कथा आपल्याला ठाऊक आहे. समुद्रमंथनातून हलाहल निघाले तेव्हा सर्व जीव होरपळू लागले. महादेवांनी ते स्वतः प्राशन केले आणि कंठात धरून ठेवले. जगाचे विष त्यांनी आपल्यापाशी थांबवले, म्हणून ते नीलकंठ. चिलीम ओढणारा विष आत घेतो आणि समोरच्यांच्या अंगावर सोडतो. ज्याच्या नावाने तो हे करतो त्याच्या करणीच्या हे अगदी उलट आहे. नीलकंठाचा भक्त व्हायचे असेल, तर विष माझ्यापाशी थांबले पाहिजे.

बंध कसा पडतो

आता ओढणाऱ्याकडे वळू, आणि त्याच्याकडे करुणेने पाहू. कारण त्याला दुर्गुणी म्हणून बाजूला सारणे हे अज्ञानाचे लक्षण आहे.

झुरका घेतल्यानंतर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते डोपामिन नावाचे द्रव्य पाझरायला लावते आणि क्षणभर बरे वाटते. शरीर मात्र निकोटिन लवकर बाहेर टाकू लागते. साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होते. प्रमाण उतरले की अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे सुरू होते. पुन्हा एक ओढली की ती थांबते. सतत ओढत गेल्याने मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या जागा वाढतात, मग त्या जागा रिकाम्या राहिल्या की मागणी करू लागतात.

ओढणारा म्हणतो, ‘हिच्यामुळे माझा ताण कमी होतो.’ खरे पाहता सकाळपासून जो ताण त्याला जाणवतो, त्यातला बराचसा मागच्या सिगारेटचा परिणाम उतरल्यामुळे आलेला असतो. सावकाराने कर्ज द्यावे, व्याज चढवावे, आणि त्या व्याजाचा हप्ता भरायला पुन्हा स्वतःच उसने पैसे द्यावेत, असा हा व्यवहार आहे. कर्जदाराला तो सावकार उपकारकर्ता वाटतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते, तर सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, असा भेद केला आहे. पहिला झुरका आणि तंबाखू सोडल्यानंतरचा पहिला आठवडा, या दोन्हींना हा विचार लावून पाहा. सोडण्याचे पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत शरीराची ओढ पुष्कळशी ओसरते. हा काळ कडू असणार हे आधीच माहीत असले, तर माणूस त्याला ‘मला जमत नाही’ असे नाव देत नाही.

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा विचार किंवा बेत करत होते. म्हणजे आपल्या समोर जो ओढतो आहे, तो बहुधा मनातून सुटू पाहणारा माणूस आहे. त्याला उपदेशापेक्षा हात हवा आहे.

घरच्यांनी काय करावे

ज्यांच्या घरी कोणी ओढते अशा बंधू-भगिनींना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, टोमणे मारू नयेत. ‘तुमच्या जपाचा काय उपयोग’ असे म्हटल्याने माणूस विडी सोडत नाही, जप मात्र सोडतो. आजवर कोणी लाजून निकोटिनच्या बंधनातून सुटले असेल, त्याहून कितीतरी जास्त लोक लाजून लपून ओढू लागले आहेत.

दुसरी, एक नियम प्रेमाने पण ठामपणे करावा. घरात आणि गाडीत धूर नाही. हा नियम व्यक्तीविरुद्ध नाही, तो घराचा आहे, जसे चपला दाराबाहेर काढतो तसा. पाहुण्यांनाही तो लागू असावा. बोलायला संकोच वाटत असेल तर घरातील सर्वांनी एकत्र बसून, सत्संगातील एखाद्या ज्येष्ठांना बरोबर घेऊन बोलावे, म्हणजे एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर ते ओझे येणार नाही. घरी कोणी गर्भवती असेल, तान्हे मूल असेल, कोणाला दमा किंवा हृदयविकार असेल, तर हा नियम उद्यावर टाकू नये. पूर्ण सोडायला वेळ लागला तरी हा नियम आजच होऊ शकतो. शिवाय घरात ओढायची सोय नसली की दिवसाची संख्या आपोआप घटते आणि सोडणे सोपे होते.

सोडण्याची साधना

जे स्वतः ओढतात त्यांच्याशी आता थेट बोलते. मनाचा निग्रह वाऱ्याला धरण्याइतका अवघड आहे अशी तक्रार अर्जुनाने केली होती. त्यावर भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. या दोन्हींचा उपयोग येथे होतो.

दिवस ठरवा. येत्या दोन आठवड्यांतील एखादी एकादशी किंवा घरातील शुभ दिवस निवडा आणि घरच्यांना सांगा. आदल्या दिवशी घरातील, दुकानातील, गाडीतील विड्या, सिगारेटी, लायटर आणि राखेचे भांडे काढून टाका. काडेपेटी फक्त देवघरात आणि स्वयंपाकघरात राहू द्या.

तलफ केव्हा येते ते लिहून ठेवा. चहानंतर, जेवणानंतर, हिशेब जुळत नसताना, ठरावीक मित्र भेटल्यावर, पहाटे शौचाला जाताना. प्रत्येक वेळेसाठी दुसरी कृती आधी ठरवा. चहानंतर बडीशेप किंवा लवंग, जेवणानंतर शतपावली.

तलफ आली की घड्याळ पाहा. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ जागा बदला, पाणी प्या, सावकाश दीर्घ श्वास घ्या आणि नामस्मरण करा. एक माळ जपायला जितका वेळ लागतो तितक्यात बहुतेक लाटा उतरतात. हृदयाचा त्रास असेल तर जोराचे प्राणायाम करू नका, साधा संथ श्वास पुरे.

हे करूनही जमले नाही तर वैद्यकीय मदत घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ आहे. अनेक भारतीय भाषांत तेथे समुपदेशन मिळते. विडी-सिगारेटच्या पाकिटावरही हा क्रमांक छापलेला असतो. म्हणजे बाहेर पडण्याचा रस्ता त्याच पाकिटावर लिहिलेला आहे.

काही शंका

‘निकोटिनचे च्युइंगम खाल्ले तर एक व्यसन सोडून दुसरे धरल्यासारखे नाही का?’ हा प्रश्न साधकांच्या मनात येतो आणि तो प्रामाणिक आहे. पाय मोडलेला माणूस कुबडी घेतो ती चालायला शिकण्यासाठी. च्युइंगममध्ये धूर नसतो, त्यातील निकोटिन हळूहळू मिळते, आणि काही आठवड्यांत ते कमी करत सोडायचे असते. डॉक्टर गरज पडल्यास गोळ्याही देतात. औषध घेणे हा साधनेचा पराभव नाही. आणि च्युइंगम खाणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याला काहीच बाधत नाही, हेही विसरू नका.

‘मग सिगारेट सोडून वेप घेतले तर?’ माझ्या वयाचे तरुण हे विचारतात. त्यातही बहुधा निकोटिनच असते, बंध तोच राहतो. आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आहे. तसेच विडी सोडून मशेरी किंवा गुटखा धरणे म्हणजेही सुटका नव्हे. त्यात शेजारी वाचतो, पण स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण जाते.

‘आता वय झाले, सोडून काय उपयोग?’ ब्रिटनमधील डॉक्टरांवर ५० वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की ३० व्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे १० वर्षांचे, ४० व्या वर्षी सोडणाऱ्याला ९, ५० व्या वर्षी ६ आणि ६० व्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते. सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. आणि तुमच्या नातवंडाला होणारा लाभ तर ज्या दिवशी घरातला धूर थांबतो त्याच दिवसापासून सुरू होतो, मग तुमचे वय काहीही असो.

‘चार वेळा सोडली, चार वेळा पुन्हा सुरू झाली.’ मग पाचव्यांदा सोडा. बहुतेकांना पहिल्याच प्रयत्नात यश मिळत नाही. प्रत्येक प्रयत्नात आपण कोठे घसरलो हे कळते. ध्यानात मन भटकले तर आपण आसनावरून उठून जात नाही, मनाला परत आणून बसवतो. येथेही तेच करायचे आहे.

आजचा संकल्प

बंधू-भगिनींनो, आज रात्री झोपण्यापूर्वी एक छोटी कृती करा. घरातील सर्वजण झोपल्यावर दोन मिनिटे शांत बसा आणि त्यांच्या श्वासाचा आवाज ऐका. आईचा, पत्नीचा किंवा पतीचा, मुलांचा. प्रत्येकाचा अजपाजप चालू असेल. ज्या भगवंताला आपण देवघरात शोधतो, तो त्या आवाजात आपल्या इतका जवळ आहे. मग मनात संकल्प करा, ‘या श्वासांत माझा धूर जाणार नाही.’

जे ओढत नाहीत त्यांनी असा संकल्प करावा, ‘माझ्या घरातील, माझ्या सत्संगातील एका तरी माणसाला मी निंदा न करता सोबत करीन.’ पुढच्या सत्संगात मंडपामागे विडीसाठी उठणारा कोणी दिसला, तर त्याच्याकडे रागाने पाहू नका. त्याच्याबरोबर उठा, त्याला पाण्याचा पेला द्या, ती पाच मिनिटे त्याच्याशी बोला. ही सेवा कोणत्याही सेवेहून कमी नाही.

सर्वांचा प्राण निर्मळ राहो, सर्वांची घरे धूरमुक्त होवोत, हीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.

॥ ॐ शांतिः शांतिः शांतिः ॥